हॉस्टेलच्या वहीत नसलेला रकाना

तुमच्या हॉस्टेलच्या गेटवर रात्रपाळीला असतात त्या काकांचं नाव काय? आडनाव नको, नुसतं नाव सांगा. मेसमध्ये पोळ्या वाढणाऱ्या मावशी कुठून येतात, तुर्भ्याहून की मानखुर्दहून? सकाळी मजला पुसायला येणारी ताई मागच्या महिन्यात होती तीच आहे की बदलली? उत्तरं आली नाहीत तर ओशाळू नका. बऱ्याच ठिकाणी ती रेक्टर मॅडमनाही देता येणार नाहीत. गेटवरचे काका सिक्युरिटी एजन्सीचे, मावशी केटररच्या, ताई हाउसकीपिंगच्या ठेकेदाराची आणि रेक्टर कॉलेजच्या. एका छपराखाली चार मालक. दिवाळीचा बोनस मागायलासुद्धा यांना चार वेगवेगळ्या दारांत जावं लागतं.

आता असं समजा की फर्स्ट इयरची एक मुलगी आहे. लातूरची म्हणा, जळगावची म्हणा, नाहीतर थेट गुवाहाटीची. तीन दिवस ती मेसला आलेली नाही, हे मावशींच्या लक्षात आलंय, कारण तिच्या वाटणीचं दही उरतंय. रात्री दोन वाजता ती जिन्यात बसून फोनवर रडते, हे गेटवरच्या काकांना कॅमेऱ्यावर दिसतंय. तिच्या खोलीचा कचऱ्याचा डबा रिकामाच असतो, हे ताईला माहीत आहे. रूममेट गणपतीला गावी गेलीय. आणि रेक्टरच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे रोज रात्री साडेनऊला सही आहे, म्हणजे सगळं ठीक. चार जणांकडे चार तुकडे आहेत. ते जोडायचं काम मात्र कुणाचंच नाही.

हॉस्टेलमध्ये काही वाईट घडलं की पुढचे दोन आठवडे आपण एकच प्रश्न विचारतो, कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? माझं म्हणणं असं आहे की लक्षात बहुतेक वेळा आलेलं असतं. ते पुढे कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि सांगितल्यावर आपली नोकरी राहील ना, यातलं काहीही त्या माणसांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हॉस्टेलच्या स्टाफला ट्रेनिंग हवं. सगळ्या स्टाफला हवं, आणि एकत्र बसवून हवं. ही मागणी तुम्ही करायची आहे, कारण त्या इमारतीत रात्री तुम्ही झोपता.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नाही. २५ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरातल्या शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमच्या एका हॉस्टेलमध्ये राहून ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने सांगितलं की कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक असतील. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये, वर्गांत, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागी ठळक अक्षरांत लावायचे. आणि आपल्या कामाचं कलम हे की शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं, धोक्याच्या खुणा ओळखण्याचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं याचं प्रशिक्षण द्यायचं.

याच सूचनांमध्ये निवासी संस्थांनी पंखे आणि गच्ची सुरक्षित करावी, असंही आहे. आता यातलं कोणतं काम आधी होईल, सांगा पाहू. गच्चीला कुलूप लावायला एक दुपार लागते, फोटो काढून अहवालाला जोडता येतो. मावशींना बोलायला शिकवायचं तर त्याचा फोटो कसला काढणार? आपल्या संस्थांचा ओढा नेहमी भिंतींकडे. नॅकची टीम यायच्या आठवड्यात हॉस्टेलला रंग लागतो, मेसमध्ये पनीर येतं, कुंड्या येतात. टीम गेली की कुंड्याही जातात.

आकडे एकदा डोळ्यांखालून घाला, कारण ते आपल्या राज्याचे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. हे सगळे हॉस्टेलमधले नव्हते, आणि यातलं प्रत्येक कारण हॉस्टेलच्या स्टाफला थांबवता आलं असतं असंही नाही. पण घरापासून चारशे किलोमीटरवर राहणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत ‘घरचं माणूस’ म्हणून जे काही उरतं, ते या चार ठेकेदारांच्या माणसांतच उरतं.

आणि नवी मुंबईत अशी मुलं किती आहेत, हे नेरूळ स्टेशनला जूनमधल्या कुठल्याही रविवारी उभं राहिलं तरी कळेल. ट्रॉली बॅग, बादली, गादीची वळकटी, मागे दमलेले बाबा. सिडकोने १९७० पासून हे शहर नोड पाडून वसवलं, त्यात शिक्षण संस्थांना भूखंड दिले आणि बघता बघता ऐरोलीपासून नवीन पनवेलपर्यंत इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, लॉ, फॅशन असं सगळं उभं राहिलं. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे कॅम्पसमधली हॉस्टेलं आहेत आणि ती पुरत नाहीत म्हणून सेक्टरासेक्टरांत रो-हाउसमधले पीजी आहेत. जून २०२५ मध्ये इथल्या नियोजित एज्युसिटीसाठी पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. म्हणजे येत्या काही वर्षांत आणखी हॉस्टेलं येणार. त्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांबद्दल, फीबद्दल, रँकिंगबद्दल बातम्या येतील. त्यांच्या गेटवर कोण उभं राहणार आणि त्याला काय शिकवलेलं असणार, याची बातमी येणार नाही.

त्याला सध्या काय शिकवलेलं असतं? खासगी सुरक्षा रक्षकांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या आदर्श नियमांप्रमाणे रक्षकाला शंभर तास वर्गातलं आणि साठ तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण मिळायला हवं. आग, गर्दी, ओळखपत्रं तपासणं, प्रथमोपचार हे सगळं त्यात आहे. कारखान्याच्या किंवा मॉलच्या गेटसाठी हे ठीक. पण हॉस्टेलचं गेट वेगळं असतं. तिथे आत राहणारा माणूस हा चोरही नाही आणि गिऱ्हाईकही नाही. रात्री साडेअकराला धापा टाकत आलेल्या मुलाशी काय बोलायचं, दारू प्यायलेल्या मुलाला पाणी पाजून झोपवायचं की रिपोर्ट करायचा, मुलीच्या मागावर आलेल्या माणसाला गेटवरून कसं परतवायचं, हे कुठल्याही मॉलमध्ये शिकता येत नाही. बरं, त्या गेटवरचे काका बारा तासांच्या पाळीत उभे असतात आणि एजन्सी वर्षाच्या आत त्यांना उचलून दुसऱ्या साइटवर टाकते. मुलांचे चेहरे ओळखीचे व्हायला लागतात तोवर बदली.

मेसच्या माणसांचं तर विचारूच नका. त्यांच्याकडून फक्त पोळ्यांची अपेक्षा असते. आणि गंमत म्हणजे कागदावर त्यांच्यावर जबाबदारी आहे! यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम काढून वाचा. अमन काचरूच्या मृत्यूनंतर आलेले हे नियम. कॅन्टीन, मेस, पहारा आणि साफसफाईच्या कंत्राटी कामगारांकडूनही लेखी हमी घ्यायची की रॅगिंग दिसलं तर ते लगेच कळवतील, असं त्यांत स्पष्ट आहे. मेसच्या लोकांनी आपल्या कामाच्या जागी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं, असंही आहे. वॉर्डनने चोवीस तास उपलब्ध असावं, संस्थेने त्यांना मोबाइल द्यावा आणि तो नंबर सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत असावा, हेही आहे. म्हणजे दही वाढणाऱ्या मावशी कायद्याच्या नजरेत साक्षीदार आहेत. सही घेतली जाते, कशावर सही केली हे समजावलं जात नाही. सीनियर मुलांच्या टोळक्याविरुद्ध तोंड उघडायचं तर कुणाकडे उघडायचं? केटररकडे? तो म्हणणार, आपलं काम जेवण देणं, भानगडीत पडू नका. पुढच्या वर्षीचं टेंडर आहे.

इथे एक शब्द आडवा येतो. अशा ट्रेनिंगला इंग्रजीत ‘रेझिलियन्स अँड टीमवर्क’ असं झकास नाव असतं. रेझिलियन्सला मराठीत लवचिकता म्हणतात, चिवटपणा म्हणतात, सावरण्याची ताकद म्हणतात. यातला चिवटपणा शिकवायला गेलात तर मावशी तोंडाला पदर लावून हसतील. पहाटेची लोकल पकडून, दोनशे पोरांच्या नाश्त्याचे पोहे भिजवून, संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा स्वयंपाक करणाऱ्या बाईला चिवटपणा कोण शिकवणार? हार्बर लाइन बंद पडलेल्या दिवशी हॉस्टेलमध्ये काय होतं ते आठवा. निम्मा स्टाफ अडकलेला असतो, तरी दुपारी खिचडी होतेच. कुणीतरी वॉचमन कांदे चिरायला बसतो, कुणी रेक्टर स्वतः पातेलं उचलते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा घरी जाऊ न शकलेली मुलं अनेक हॉस्टेलांत राहिली आणि त्यांच्याबरोबर थोडा स्टाफही राहिला. टीमवर्क या लोकांच्या अंगात आहे, पण ते संकटाच्या दिवशी बाहेर येतं आणि पाणी ओसरलं की परत चार ठेकेदारांत वाटलं जातं.

म्हणून ‘ताण सहन करायला शिका’ छापाच्या ट्रेनिंगला माझा विरोध आहे. पगार वेळेवर नाही, पाळी बारा तासांची, बसायला खुर्ची नाही आणि वर श्वासाचे व्यायाम! असल्या ट्रेनिंगला माणसं जांभया देतात ते योग्यच करतात. सावरण्याची ताकद ही एकट्याच्या छातीत भरायची हवा नसते, ती आजूबाजूच्या व्यवस्थेतून येते. एक उदाहरण देतो. खोलीचं दार उघडत नाही म्हणून रात्री तीन वाजता कुणाला बोलावतात? वॉचमनला. दार तोच तोडतो. आत जे काही असेल ते सगळ्यांत आधी तोच बघतो. दुसऱ्या दिवशी मुलांसाठी समुपदेशक येतात, वर्ग रद्द होतात, मेणबत्त्या लागतात. आणि त्या काकांना पोलिसांचा जबाब झाला की रात्री आठला पुन्हा त्याच मजल्यावर ड्युटी. त्यांनी कुणाशी बोलायचं? दोन दिवसांची पगारी रजा, एकदा समुपदेशकाशी भेट, आठवडाभर वेगळा मजला, एवढं तरी ठरलेलं असावं की नको? स्टाफच्या रेझिलियन्सची सुरुवात इथून व्हायला हवी.

तरी प्रश्न उरतो की दहावी-बारावी झालेल्या, कधी कधी तेवढंही न शिकलेल्या माणसांना हे नाजूक काम जमेल का? जमतं. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारेतल्या एम्बारे वस्तीत चौदा आज्यांना हाताशी धरून ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केला. दवाखान्याच्या आवारात एक बाक, त्यावर एक आजी आणि शेजारी ज्याला बोलायचंय तो माणूस. पुढे त्याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि नैराश्याची लक्षणं कमी होतात असं दिसलं. एवढं लांब नको असेल तर गोव्यात बघा. ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून समुपदेशन करवून घेतलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. या मंडळींना जे शिकवलं गेलं त्याच्या दहावा हिस्साही हॉस्टेलच्या स्टाफला शिकवायची गरज नाही. उपचार त्यांनी करायचेच नाहीत. ओळखायचं, विचारायचं, थांबायचं आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचं. बस.

आता कोट्याकडे बघा. कोचिंगच्या या शहरात ऑगस्ट २०२३ मध्ये पोलिसांनी ‘दरवाजे पे दस्तक’ नावाची मोहीम काढली. वॉर्डनने रात्री अकराच्या सुमाराला मुलांच्या दारावर टकटक करून विचारपूस करायची आणि कुणी मुलगा सारखा जेवायला येत नसेल तर मेसवाल्यांनी, डबेवाल्यांनी कळवायचं. म्हणजे मावशींच्या त्या उरलेल्या दह्याला तिथे पहिल्यांदा माहितीचा दर्जा मिळाला. मला यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. रोज रात्री दारावर टकटक झाली की आठवड्याभरात ‘हो हो, ठीक आहे’ हे उत्तर पाठ होतं. जेवणाचं ताट खोटं बोलत नाही.

आणि इथे आपल्याच राज्यातल्या एका गोष्टीची आठवण करून द्यायला हवी. आदिवासी विभागाच्या वसतिगृहांत मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यावर टाकायचं २०१८ मध्ये ठरलं, तेव्हा मुलांनी विरोध केला, मोर्चा काढला. पैसे वेळेवर येत नाहीत, बाहेरचं जेवण परवडत नाही, ही त्यांची कारणं खरीच होती. पण मेस गेली की आणखी एक गोष्ट जाते. दिवसातून दोनदा सगळ्यांना तोंड दाखवायला लावणारी जागा जाते. कोण आलं, कोण नाही, हे बघणारी नजर जाते. तिथल्या गृहपालांवर शंभरेक मुलांचा भार असतो, त्यांनी ती नजर कुठून आणायची?

तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या मनात आत्तापर्यंत एक शंका आली असणार. म्हणजे काय, वॉचमन आणि मावशी आता आमच्यावर पाळत ठेवणार? आधीच कोण किती वाजता आली, कुणाच्या बाइकवरून उतरली, फोनवर कुणाशी बोलते, याचं रेकॉर्ड ठेवायला सगळे तत्पर असतात. त्यात आता ‘मानसिक आरोग्य’ हे नवीन निमित्त. ही शंका अगदी बरोबर आहे. गर्ल्स हॉस्टेलमध्ये काळजी आणि कंट्रोल यांच्यातली रेष पुसट असते, आणि ती नेहमी एकाच बाजूला पुसली जाते. मुलगी गप्प गप्प आहे, हे रेक्टरना सांगणं वेगळं आणि तिच्या वडिलांना परस्पर फोन करून ‘तुमच्या मुलीचं लक्षण ठीक नाही’ म्हणणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराने मुलीचं शिक्षणच थांबतं. म्हणून काय सांगायचं याच्याइतकंच काय सांगायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये हवं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचं कलम २३ आहे. मित्र कोण, जात कोणती, बाइक कुणाची, यातलं काहीही धोक्याची खूण नाही. खाणं सुटलं, झोप उडाली, वस्तू वाटून टाकायला लागली, ‘आता काही उपयोग नाही’ असं म्हणाली, या खुणा आहेत. हा फरक अर्ध्या तासात शिकवता येतो, पण शिकवावा लागतो.

पोलिसांच्या भीतीचंही तसंच. अनेक वॉर्डन प्रकरण दाबतात कारण केस होईल असं त्यांना वाटतं. याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालायचं, तिला शिक्षा करायची नाही, सरकारने तिची काळजी घ्यायची. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही नव्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात उरलेलं नाही. हे किती रेक्टरना माहीत आहे? आणि रेक्टरनाच माहीत नसेल तर गेटवरच्या काकांना कोण सांगणार?

विश्वासाबद्दल एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हजवळच्या सावित्रीबाई फुले शासकीय वसतिगृहात अकोल्याच्या अठरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित होता तिथलाच पहारेकरी. त्याचा मृतदेह नंतर रेल्वे रुळांवर सापडला. तो काही नवीन आलेला माणूस नव्हता, वर्षानुवर्षं तिथेच होता. तेव्हा ‘आपले काका चांगले आहेत’ ही व्यवस्था होऊ शकत नाही. चांगल्या काकांनाही व्यवस्था लागते आणि वाईट माणसाला अडवायलाही तीच लागते. सुट्टीत मजला रिकामा असेल तर एकट्या राहिलेल्या मुलीला दुसऱ्या मजल्यावर सोबत हलवायचं, स्टाफबद्दलच्या तक्रारीला त्या स्टाफच्या हातातून जावं लागू नये, मुलींच्या मजल्यावर पुरुष कर्मचारी एकटा जाऊ नये. टीम म्हणजे एकमेकांवर आंधळा विश्वास टाकणारी मंडळी नव्हे. टीममध्ये एकमेकांकडे लक्षही असतं, आणि मजला पुसणाऱ्या ताईला जर काही खटकलं तर ते बोलायची जागा तिला मिळते.

मग हे ट्रेनिंग दिसेल कसं? एसी हॉल, इंग्रजी स्लाइड, प्रमुख पाहुण्यांचं स्वागत आणि शेवटी सर्टिफिकेट, असं दिसलं तर समजा पाण्यात गेलं. मी तर म्हणेन मेसच्याच टेबलांवर घ्या. मराठीत आणि हिंदीत घ्या. रेक्टर आणि वॉचमन एका टेबलावर बसलेले दिसायला हवेत, निदान त्या दिवशी तरी. एखादा प्रसंग करून बघायचा. मुलगी रडतेय, काकांनी काय म्हणायचं? ‘एवढ्याशा गोष्टीवरून रडतात का?’ हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते काढायलाच वीस मिनिटं लागतील. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगतायत, पण पहिल्यांदा ते वाक्य उच्चारताना जीभ अडखळतेच. म्हणून ते ट्रेनिंगमध्ये मोठ्याने म्हणून बघायचं. फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही, दम्याचा पंप कसा धरायचा, आगीचा सिलिंडर कुठल्या बाजूने ओढायचा, हेही त्यातच. शिकवणारी माणसं लांब शोधायला नकोत. ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच आहे, शहरात मेडिकल कॉलेजं आहेत आणि त्यांत मानसोपचार विभाग आहेत.

आणि ती वही. नर्सिंगवाल्यांना विचारा, पाळी बदलताना पेशंटबद्दल दोन ओळी सांगितल्याशिवाय ड्युटी सोडता येते का? नाही. हॉस्टेलच्या गेटवर पाळी बदलताना फक्त चावी आणि टॉर्च दिली जाते. वहीत इन टाइम आहे, आउट टाइम आहे, सही आहे, ‘कारण’ नावाचा रकाना आहे ज्यात सगळे ‘पर्सनल’ लिहितात. मेस, गेट आणि मजला यांचं रोज रात्री नऊला पाच मिनिटांचं बोलणं व्हावं, ‘आज कुणाकडे बघावं लागेल’ एवढ्या एकाच प्रश्नावर. नाव उघड्या वहीत लिहायचं नाही, रेक्टरच्या कानावर घालायचं. रेक्टरने दुसऱ्या दिवशी ‘बघितलं, ठीक आहे’ असं उलटून सांगायचं. हे उलटून सांगणं फार महत्त्वाचं, कारण आपण सांगितलं आणि त्याचं काहीतरी झालं, हे कळल्याशिवाय मावशी दुसऱ्यांदा सांगणार नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर तो ट्रेनरच्या मानधनापेक्षा वेळेचा जास्त आहे. ट्रेनिंगचे दोन तास ड्युटीत धरले पाहिजेत, नाहीतर रात्रपाळी करून आलेला माणूस झोपमोड करून का येईल? कॉलेज म्हणेल, ते एजन्सीचे लोक आहेत, आम्ही कसं सांगणार? टेंडर कॉलेजच काढतं. त्यात गणवेशाचा रंग लिहिता येतो तर ट्रेनिंगचे तास लिहिता येतात. एका साइटवर रक्षक किमान वर्षभर राहील, हेही लिहिता येतं.

पीजीत राहणाऱ्यांना हे सगळं वाचून हसू आलं असेल. तुमच्याकडे रेक्टर नाही, कमिटी नाही, एक मालकीणबाई आणि एक स्वयंपाकी दादा. तुमच्यासाठी उत्तर अर्धंच आहे. मालकीणबाईंना टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवायला सांगा. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात. कॉलेजने बाहेर राहणाऱ्या मुलांच्या पीजीचालकांनाही ट्रेनिंगला बोलवावं, ही मागणी तुम्ही कॉलेजकडे लावून धरू शकता.

हॉस्टेलवाल्यांची कमिटी जुलै-ऑगस्टात बसते. तिथे साधारण मेसचा मेनू, वायफाय आणि गीझर यावर तीन तास जातात. या वेळी अजेंड्यावर एक मुद्दा लेखी टाका. गेल्या वर्षभरात स्टाफचं ट्रेनिंग किती वेळा झालं, कोणी घेतलं, कंत्राटी कर्मचारी हजर होते का, आणि नसेल झालं तर तारीख द्या. सरकारी कॉलेज असेल तर हेच चार प्रश्न दहा रुपयांच्या स्टॅम्पवर माहिती अधिकारात विचारता येतात. तारीख मागताना वेळही तुम्हीच सुचवा. सकाळची मागू नका, तेव्हा नाश्ता चालू असतो. दुपारची भांडी आटपली की मेसची माणसं चार ते साडेपाच मोकळी असतात आणि गेटवरची पाळी रात्री आठला बदलते, म्हणजे दिवसपाळीचे काका तेव्हा इथेच असतात. रात्रपाळीवाल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा घ्यावं लागेल.